जुन्या संगणकास नवे भाग

२०२५ च्या दिवाळीच्या सुटींत आमच्या शाळेंतील नववीचा एक विद्यार्थी आपल्या वडिलांसह मजकडे आला. हातांत एक वही, वहींत भागांची व किंमतींची यादी, आणि वडिलांच्या खिशांत त्याचे अठरा हजार रुपये. हे पैसे त्यास कोणी एकरकमी दिलेले नव्हते. कांहीं आजीनें वेळोवेळीं हातावर ठेविलेले, कांहीं एका परीक्षेच्या बक्षिसाचे, आणि उरलेले मामाच्या दुकानांत दोन उन्हाळे बसून मिळविलेले. घरीं २०१७ सालीं थोरल्या भावासाठीं जोडून घेतलेला संगणक होता. त्यावर खेळ अडखळत चालतात, सबब नवें ग्राफिक्स कार्ड घ्यावयाचें, असा मुलाचा निश्चय झालेला. वडिलांची अडचण निराळी होती. ते म्हणाले, "सर, नवा संगणक घेण्याची सध्यां ऐपत नाहीं, आणि ह्या जुन्या डब्यांत पोराचे पैसे घालावे तर ते बुडतील, अशी भीति वाटते. आपण एकदां पाहून सांगा."

मी गणित व शास्त्र शिकवितों. संगणकाचा व्यापार मला ठाऊक नाहीं. तथापि पंधरा वर्षें घरचीं व शेजाऱ्यापाजाऱ्यांचीं यंत्रें स्वतः उघडून बसविलीं आहेत, आणि एक यंत्र स्वतःच्याच हातानें जाळलेंहि आहे. तो प्रसंग पुढें येईल. मुलाची यादी बाजूस ठेवून मीं त्यास एवढेंच विचारलें, "तुझा संगणक अडतो तो नेमका कोठें?" ह्याचें उत्तर त्यास देतां येईना. ताप कशाचा हें न पाहतां औषधाच्या दुकानीं जाणाऱ्या मनुष्यासारखी त्याची स्थिति होती. ही चूक मुलेंच करतात असें नाहीं. चांगले मिळवते लोकहि करतात.

म्हणून प्रथम यंत्राचें काम कसें चालतें तें पाहूं. पडद्यावर हलतें चित्र दिसतें, तें वास्तविक स्थिर चित्रांची माळ असते. सेकंदास साठ चित्रें दाखवावयाचीं तर एकेका चित्रास सुमारें १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या अवधींत दोन कामें उरकावीं लागतात. मोटार कोठें पोहोंचली, चेंडू कोणीकडे उडाला, समोरचा गडी आतां काय करील, हा सर्व हिशेब प्रोसेसर करतो आणि काय काय काढावयाचें ह्याची यादी बनवितो. ती यादी घेऊन त्यांत रंग, छाया व प्रकाश भरण्याचें काम ग्राफिक्स कार्डाचें. जुन्या छापखान्यांत खिळे जुळविणारा जुळारी एक आणि छापणारें यंत्र दुसरें असे. जुळारी जर दिवसास चारच पानें जुळवीत असेल, तर मालकानें दुप्पट वेगाचें यंत्र आणल्यानें पांचवें पान छापून निघत नाहीं. यंत्र उगीच थांबून राहतें, एवढेंच.

तेव्हां आधीं कोण कोणासाठीं थांबला आहे हें शोधावयाचें. त्यास एक पैसाहि लागत नाहीं. दुसऱ्या दिवशीं मी त्यांच्या घरीं गेलों. खेळांतील चित्रसंख्येवरील मर्यादा काढून टाकिली, खेळ चालूं केला, आणि कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ह्या तीन कळा एकत्र दाबून विंडोजचा टास्क मॅनेजर उघडला. त्यांत ग्राफिक्स कार्ड शेंकडा किती गुंतलें आहे तें दिसतें. तें शेंकडा ९७-९८ वर टेकलें असेल तर अडवणूक त्याचीच. पुष्कळ खालीं राहून चित्रें मात्र थोडीं निघत असतील, तर बहुधा प्रोसेसर किंवा मेमरी अपुरी पडते. प्रोसेसरच्या एकूण आंकड्यावर फार विसंबूं नये. चारांपैकीं एकच गाभा पुरता दमलेला असला तरी एकूण आंकडा मध्यमच दिसतो.

मुलाच्या संगणकांत इंटेलचा कोअर आय५-७४०० हा चार गाभ्यांचा प्रोसेसर, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, जीटीएक्स १०५० टीआय हें ४ जीबीचें कार्ड आणि फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क, असा सरंजाम होता. फुटबॉलच्या खेळांत कार्ड शेंकडा ९८ गुंतलेलें दिसलें व चित्रेंहि साठांच्या वर निघत होतीं; तेथें तक्रारच नव्हती. परंतु ज्या खेळासाठीं हा सारा खटाटोप, त्या मोठ्या शहरांतून मोटारी पळविण्याच्या खेळांत कार्ड साठ-पांसष्टांवर रेंगाळलेलें, चारहि गाभे शंभरांस भिडलेले, आणि ८ जीबी मेमरी जवळजवळ कांठोकांठ भरलेली. खात्रीसाठीं आम्हीं चित्राचा आकार १९२० गुणिले १०८० ठिपक्यांवरून १२८० गुणिले ७२० वर आणला. म्हणजे प्रत्येक चित्रांतील ठिपके २०,७३,६०० होते ते ९,२१,६०० झाले; रंगविणाऱ्याचें काम निम्म्याहून कमी झालें. तरी सेकंदास निघणारीं चित्रें होतीं तितकींच राहिलीं! मुलगा बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला. अठरा हजारांचें कार्ड त्या दिवशीं त्यानें स्वतःच्याच डोळ्यांनीं निकालांत काढलें. मला कांहीं बोलावें लागलें नाहीं.

कॅबिनेट उघडलें तों आंत धुळीची गादीच बसलेली. प्रोसेसर फार तापला म्हणजे स्वतःस वांचविण्यासाठीं आपली गति आपणच कमी करतो. त्यामुळें जुन्या यंत्राचा कांहीं मंदपणा केवळ धूळ व वाळलेली उष्णतावाहक पेस्ट ह्यांचा असतो. झाडतांना पंख्याचीं पातीं बोटानें धरून ठेवावींत, हवेच्या झोतानें तीं गरगर फिरूं देऊं नयेत. पेस्टची लहान नळी थोडक्या रुपयांत मिळते. कोणताहि भाग विकत घेण्यापूर्वीं हें करावें.

आतां मेमरी. एकच पट्टी असली म्हणजे प्रोसेसर व मेमरी ह्यांच्यामध्यें एकच रस्ता उघडा राहतो. २४०० वेगाच्या डीडीआर४ जातीच्या एका पट्टीवरून सेकंदास अधिकांत अधिक १९.२ जीबी माहिती जाऊं शकते. मदरबोर्डावरील योग्य खांचेंत तशीच दुसरी पट्टी बसविली तर ३८.४ जीबी. म्हणून ८ जीबीच्या दोन पट्ट्या ह्या १६ जीबीच्या एका पट्टीपेक्षां बहुधा बऱ्या. जात मात्र तीच हवी. डीडीआर३, डीडीआर४ व डीडीआर५ ह्यांच्या कडेची खांच वेगवेगळ्या ठिकाणीं असते. एक दुसरीच्या जागीं बसत नाहीं, आणि बळानें बसवूं गेल्यास मदरबोर्डच जातो.

हार्ड डिस्कची गोष्ट गणिताच्या तासाला शोभण्याजोगी आहे. मिनिटास ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीस एका फेऱ्यास ८.३३ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती सुईखालीं येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.१७ मिलिसेकंद, शिवाय सुई सरकण्याचा वेळ वेगळाच. वर सांगितलेले १६.७ मिलिसेकंद ज्यास आठवत असतील, त्यास दोन-तीन वेळां तबकडी शोधण्यांतच एका चित्राची मुदत संपते हें कळेल. शहरांत मोटार नव्या पेठेंत शिरतांच खेळ गचका कां देतो, ह्याचें एक कारण हेंच. एसएसडींत फिरणारें कांहींच नसतें. साधी साटा जातीची एसएसडी सेकंदास ५५० एमबीच्या सुमारास माहिती देते. त्याहून पुष्कळ वेगाच्या एनव्हीएमई एसएसडी मिळतात, परंतु जुन्या यंत्रावर खेळणारास त्या दोहोंतील फरक फारसा जाणवत नाहीं. एसएसडीनें चित्रसंख्या वाढत नाहीं हें पक्कें ध्यानांत असावें. वाट पाहणें व गचके मात्र कमी होतात.

सर्वांत नाजूक प्रश्न प्रोसेसरचा. त्या मुलाची मावसबहीण दहावींत आहे. तिच्याहि घरीं २०१७ चाच संगणक. बाहेरून पाहिलें तर जुळीं भावंडें. परंतु तिच्या यंत्रांत एएमडीचा रायझन ५ १६०० हा सहा गाभ्यांचा प्रोसेसर बी३५० जातीच्या मदरबोर्डावर बसविलेला होता, आणि एवढ्याशा फरकानें दोन्ही यंत्रांचें भवितव्य पालटलें.

प्रोसेसर ज्या बैठकीत बसतो तीस सॉकेट म्हणतात. मुलाच्या बोर्डावरील सॉकेट एलजीए ११५१. इंटेलनें २०१७ च्याच ऑक्टोबरांत आठव्या पिढीचे, चारांऐवजीं सहा गाभ्यांचे प्रोसेसर काढले. सॉकेटचें नांवहि तेंच, आकारहि तोच. परंतु आंतील जोडणी बदललेली असल्यामुळें सातव्या पिढीच्या बोर्डावर ते चालत नाहींत! त्या बोर्डावर चढण्याची शेवटची पायरी म्हणजे आय७-७७००. गाभे चारच, मात्र एका वेळीं आठ धागे हांकणारा. तोहि आतां जुन्या बाजारांतच मिळावयाचा. तेवढ्यासाठीं पैसे मोडावे असें मला वाटत नाहीं. नांव तेंच ठेवून आंतलें बदलणें हा ग्राहकांशीं सरळपणाचा व्यवहार नव्हे, हें माझें मत येथें नमूद करून ठेवितों.

एएमडीच्या १३३१ टांचण्यांच्या एएम४ सॉकेटची कथा उलट आहे. २०१७ च्या बी३५० बोर्डावर २०२२ सालीं निघालेला रायझन ५ ५६०० बसूं शकतो. कारण २०२२ मध्यें एएमडीनें जुन्या बोर्डांसहि ती मुभा दिली. अट एकच: बोर्डाच्या कारखानदारानें त्या नमुन्यासाठीं नवें बायोस काढलेलें असावें. त्याच्या संकेतस्थळावर बोर्डाचें पूर्ण नांव शोधून, प्रोसेसरच्या यादींत आपला प्रोसेसर आहे कीं नाहीं हें पाहिल्याशिवाय पैसे देऊं नयेत. क्रमहि उलटूं नये. जुना प्रोसेसर जागेवर असतांनाच नवें बायोस भरावयाचें, मग प्रोसेसर बदलावयाचा. बायोस भरतांना वीज गेली तर बोर्ड मुका होण्याची भीति असते. आमच्या गांवीं वीज केव्हां जाईल ह्याचा नेम नाहीं, म्हणून इन्व्हर्टरच्या तोंडाला यंत्र लावून हें काम केलें. पंखा काढतांना आणखी एक सावधगिरी. वाळलेल्या पेस्टमुळें पंख्याबरोबर प्रोसेसरहि सॉकेटांतून उपटून निघतो व टांचण्या वांकतात. यंत्र दहा मिनिटें चालवून कोमट झाल्यावर बंद करून वीज काढावी, आणि पंखा सरळ न ओढतां हलकेच पिळून सोडवावा.

ह्या प्रश्नाची दुसरी बाजू पालकांच्या कामाची आहे. विंडोज १० चा नियमित पुरवठा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. घरगुती यंत्रांसाठीं सुरक्षेच्या दुरुस्त्यांस नोंदणी करून ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत ठेविली होती. विंडोज ११ साठीं टीपीएम २.० ही सोय लागते व प्रोसेसरहि मान्य यादींतला लागतो. आय५-७४०० त्या यादींत नाहीं, रायझन ५ १६०० हि नाहीं. परंतु रायझन ५ ५६०० आहे. ज्या घरीं त्याच यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात, तेथें ही गोष्ट खेळाहून मोठी समजावी.

आतां ग्राफिक्स कार्डाकडे येऊं, कारण शेवटीं सर्वांचें मन तेथेंच असतें. मुलाच्या यादींत पहिलें नांव होतें आरएक्स ६५०० एक्सटी ह्याचें, २०२२ सालचें. कार्ड नवें, किंमत आटोक्यांत. परंतु बोर्डाशीं बोलण्यास त्यास चारच मार्गिका आहेत. पीसीआयई ४.० च्या नव्या बोर्डावर एका मार्गिकेंतून सेकंदास सुमारें २ जीबी माहिती जाते, तेथें कसेंबसें भागतें. २०१७ च्या ३.० च्या बोर्डावर तीच वाट निम्म्यावर येते, आणि कार्डाची स्वतःची मेमरी ४ जीबीच असल्यामुळें ह्याच वाटेनें वारंवार ये-जा करावी लागते. म्हणजे जुन्या यंत्राचा मालक स्वस्त म्हणून जें कार्ड उचलतो, तेंच जुन्या यंत्रावर अधिक लंगडतें. आरएक्स ६६०० ला आठ मार्गिका व ८ जीबी मेमरी आहे. आरटीएक्स ३०६० च्या मूळ नमुन्यास सोळा मार्गिका व १२ जीबी. इंटेलचीं आर्क कार्डें मोलानें बरीं; तथापि त्यांस बोर्डावर रिसायझेबल बार ही सोय लागते, ती इतक्या जुन्या इंटेल बोर्डांवर सहसा नसते. आणि एनव्हिडियानें १०५० टीआय व १०६० ह्यांच्या पिढीसाठीं, २०१६ च्या त्या कार्डांसाठीं, नव्या खेळांचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर बंद करण्याचें जाहीर केलें. सुरक्षेच्या दुरुस्त्या २०२८ पर्यंत देण्याचें ठरविलें. कार्ड त्यामुळें त्या दिवशीं बंद पडत नाहीं, पण त्याचें वय झालें हें समजावें.

ज्या भागाकडे कोणी पाहत नाहीं तो पॉवर सप्लाय. मुलाच्या सप्लायवर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट लिहिलें होतें. मीं त्यास लेबलावरील बारीक अक्षरें वाचावयास सांगितलें. १२ व्होल्टच्या ओळींत २० अँपिअर. शास्त्राच्या वर्गांत शिकविलेला गुणाकार: १२ गुणिले २० म्हणजे २४० वॅट. प्रोसेसर व कार्ड ह्यांचें खाणें ह्याच ओळीवरून चालतें. बाकीचे वॅट ज्या ओळींवर दाखविले होते त्यांचा येथें उपयोग नाहीं. आरएक्स ६६०० ला १३२ वॅट, प्रोसेसरला ६५, बोर्ड, डिस्क व पंख्यांस पन्नासएक धरले तरी २४० ओलांडतात, आणि कार्ड क्षणभर याहूनहि अधिक ओढतें तें वेगळें. मावसबहिणीच्या सप्लायवरहि ४५० च लिहिलें होतें, परंतु १२ व्होल्टवर ३७ अँपिअर, म्हणजे ४४४ वॅट. ८० प्लसची चिठ्ठी सप्लाय वीज किती थोडी वायां घालवितो एवढेंच सांगते. आंतील कारागिरीची हमी ती देत नाहीं.

हें मी पुस्तकांतून शिकलों नाहीं. २०१९ सालीं घरच्या संगणकास चांगलें कार्ड घेतलें आणि पैसे संपले म्हणून सप्लाय स्वस्तांतला घेतला. वर ६०० वॅट लिहिलेलें. हातांत घेतला तेव्हां फार हलका वाटला, तरी मन मानलें नाहीं. तिसऱ्या आठवड्यांत एका संध्याकाळीं फटाका फुटावा तसा आवाज झाला, जळका वास घरभर पसरला. सप्लाय गेला, बोर्ड गेला, आणि हार्ड डिस्क गेली. तींत माझ्या वडिलांनीं मला वसतिगृहांत लिहिलेल्या पत्रांचीं छायाचित्रें होतीं. मूळ पत्रें वाळवीनें आधींच नेलीं होतीं. कार्ड तेवढें वांचलें, तें आजहि चालतें.

जुना माल घ्यावा कीं नाहीं असें वडिलांनीं विचारलें. प्रोसेसर जुना घेण्यास हरकत नाहीं. टांचण्या सरळ असल्या कीं तो सहसा बिघडत नाहीं. कार्डाचें तसें नाहीं. आभासी नाणीं पाडण्याच्या कामावर अहोरात्र जुंपलेलीं पुष्कळ कार्डें सप्टेंबर २०२२ मध्यें इथेरियमनें ती पद्धति सोडल्यावर बाजारांत आलीं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय, किंवा ओळखीच्या माणसाकडून काय, कार्ड अर्धा तास खेळावर चालवून, पंख्याचा आवाज ऐकून, उष्णता पाहून मग पैसे द्यावे. सप्लाय मात्र जुना घेऊं नये.

शेवटीं काय झालें तें सांगतों. मुलीच्या घरीं प्रोसेसर आधीं बदलला. तिच्या वडिलांचा हिशेबाचा कारभार त्याच यंत्रावर असल्यामुळें विंडोज ११ ची निकड होती. बायोस भरलें, रायझन ५ ५६०० बसविला, टांचणी एकहि वांकली नाहीं. तिच्या १०६० कार्डाची पाळी पुढच्या वर्षीं.

मुलानें यादी खोडून नवी केली. जुनीच्याच जातीची ८ जीबीची एक पट्टी, साटा एसएसडी, आणि चांगल्या बांधणीचा सप्लाय. मेमरीचे भाव त्याच सुमारास चढूं लागले होते, म्हणून पट्टी पहिल्याच दिवशीं आणली. निम्म्याहून थोडे अधिक पैसे खर्च झाले. पुढें बोर्ड व प्रोसेसर एकदम बदलावयाचे ठरलें आहे, तेहि डीडीआर४ चालणारेच; म्हणजे आतां घेतलेले तिन्ही जिन्नस नव्या बोर्डावर तसेच जातील. तोंवर बँकेचें काम वडिलांनीं त्या यंत्रावरून काढून मोबाईलवर नेलें.

मोटारींचा खेळ पुन्हां लावून पाहिला तेव्हां सरासरी चित्रें थोडींच वाढलीं होतीं; परंतु पेठेंतून वळतांना बसणारा गचका गेला होता. मुलानें दोन्ही दिवसांचे आंकडे वहींत समोरासमोर मांडले. उरलेले पैसे पाकिटांत घालून त्यानें आईच्या कपाटांत ठेविले आहेत, आणि पाकिटावर "मदरबोर्ड" असें लिहिलें आहे.